मांजराचे वजन आणि त्याच्या खाऊचा हिशेब

पाळलेल्या मांजराचे वजन वाढले की घरात चर्चा सुरू होते ती जेवणाची. वाडग्यात दाणे किती घालायचे, कोणत्या कंपनीचे घालायचे, दिवसातून किती वेळा घालायचे, यावर बराच खल होतो. दोन जेवणांच्या मधे हातातून दिला जाणारा खाऊ मात्र या चर्चेतून बहुधा सुटतो, कारण तो इतका लहान असतो की त्याला अन्न म्हणून कोणी मोजतच नाही. बाजारात मांजरांसाठी म्हणून मिळणाऱ्या कुरकुरीत गोळ्या, चाटून खायच्या मऊ लगद्याच्या नळ्या, वाळवलेल्या मांसाचे तुकडे आणि स्वयंपाकघरातून सहज टाकली जाणारी दुधाची साय, माशाचे डोके किंवा बिस्किटाचा तुकडा हे सर्व या लेखात खाऊ या एकाच सदरात धरले आहे. वजन आटोक्यात ठेवायच्या मांजरासाठी यांपैकी काय निवडावे, या प्रश्नाचे उत्तर पदार्थांच्या यादीत शोधण्याची सवय असली, तरी निवडीच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो म्हणजे दिलेला खाऊ दिवसाच्या अन्नातून वजा होतो की त्यात भर घालतो.

लठ्ठपणाच्या व्याप्तीची आकडेवारी प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतली आहे. अमेरिकेतील असोसिएशन फॉर पेट ओबेसिटी प्रिव्हेन्शन या संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत तेथील ६१ टक्के मांजरे प्रमाणापेक्षा जड किंवा लठ्ठ आढळली. मुंबई, पुणे, ठाणे किंवा नाशिकच्या सदनिकांत वाढणाऱ्या मांजरांचे राहणीमान त्या मांजरांपेक्षा फारसे निराळे राहिलेले नाही: खिडक्यांना जाळी, दिवसभर झोप, शिकारीची गरज नाही आणि वयाच्या पहिल्या वर्षातच झालेली नसबंदी. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने उतरते आणि भूक मात्र वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी जेवढे दाणे पुरत होते तेवढेच नंतरही घातले, तर वजन वाढणे हा अपघात राहत नाही. नसबंदी टाळावी असा याचा अर्थ मुळीच नाही. टाके काढल्याच्या दिवसापासून वाडग्याचे माप बदलावे एवढाच आहे, आणि हे सांगण्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे पशुवैद्याचा दवाखाना.

मांजर खरोखर जड आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही, विशेषतः पर्शियन मांजराच्या बाबतीत, कारण त्याच्या केसांखाली एखादा किलो सहज लपतो. पशुवैद्यक यासाठी नऊ अंकांची देहस्थितीची मोजपट्टी वापरतात, जिच्यात पाच हा आदर्श अंक असून त्याच्यापुढचा प्रत्येक अंक आदर्श वजनापेक्षा सुमारे दहा ते पंधरा टक्के जास्त वजन दाखवतो. ही तपासणी हाताने करायची असते: बरगड्यांवरून तळहात फिरवला असता त्या पातळ थराखाली सहज जाणवल्या पाहिजेत, आणि वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर किंचित आत गेलेली दिसली पाहिजे. मागच्या पायांच्या पुढे पोटाखाली लोंबणारी सैल कातडीची पिशवी पाहून अनेकांचा गैरसमज होतो. ती सडपातळ मांजरातही असते आणि केवळ तिच्यावरून मांजर लठ्ठ ठरत नाही.

खाऊचा विचार करताना आकड्यांचे भान असणे गरजेचे ठरते, कारण मांजराचे एकूण अंदाजपत्रकच मुळात लहान असते. अन्नातली ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात, आणि बोलण्यात ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती प्रत्यक्षात हीच. विश्रांत अवस्थेत शरीर चालू ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा काढताना किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ हा घात घेऊन त्याला सत्तरने गुणतात. या सूत्राने चार किलोच्या मांजराला सुमारे १९८ किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या प्रौढ मांजराची दिवसाची गरज साधारण २०० ते २४० किलोकॅलरींत बसते. निसर्गात हेच मांजर दिवसभरात आठ-दहा उंदीर मारून पोट भरते आणि एका उंदरातून त्याला सुमारे तीस किलोकॅलरी मिळतात, हे लक्षात घेतले की लहान लहान घासांत वारंवार खाण्याची त्याची वृत्ती कोठून आली ते उमगते. वजन उतरवायचे असेल तेव्हा आदर्श वजनाच्या विश्रांत ऊर्जेच्या ऐंशी टक्क्यांपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. सध्या ५.२ किलो भरणाऱ्या आणि चार किलोवर आणायच्या मांजराला त्यानुसार दिवसाला अंदाजे १५८ किलोकॅलरी मिळतील, आणि त्यात जेवण आणि खाऊ दोन्ही आले.

खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, हा पशुवैद्यकात रूढ असलेला दंडक आहे. वरील मांजराच्या बाबतीत हे दहा टक्के म्हणजे जेमतेम सोळा किलोकॅलरी. या मर्यादेमागचे कारण केवळ वजन नाही. मुख्य आहार सर्व पोषकद्रव्यांच्या दृष्टीने परिपूर्ण आणि समतोल असावा अशा रीतीने तयार केलेला असतो, तर खाऊला तसे बंधन नसते. खाऊचा वाटा वाढला की टॉरिनसारख्या अत्यावश्यक घटकांचे प्रमाण त्या हिशेबात घटत जाते. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवता येत नाही, आणि त्याच्या कमतरतेमुळे हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगते, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनाने दाखवून दिल्यानंतर तयार खाद्यांतले त्याचे प्रमाण वाढवण्यात आले. वजन उतरवताना एकूण अन्नच कमी केलेले असते, म्हणून उरलेला प्रत्येक घास पोषणाने भरलेला हवा. काही पशुवैद्य या काळात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

सोळा किलोकॅलरींत काय बसते हे मराठी घरातल्या नेहमीच्या पदार्थांवर ताडून पाहिले की चित्र बरेच बदलते. म्हशीचे दूध शंभर मिलिलिटरला सुमारे शंभर किलोकॅलरी देते. म्हणजे प्रेमाने ठेवलेली अर्धी वाटी दूध दिवसाच्या १५८ किलोकॅलरींतला तिसरा हिस्सा खाऊन टाकते. त्यातच बहुतेक प्रौढ मांजरांच्या आतड्यांत दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर फार थोडे उरलेले असते, त्यामुळे हगवणीचा त्रास होतो तो वेगळाच. मारी बिस्किट एक म्हटले तरी वीस-पंचवीस किलोकॅलरी. पोळीच्या तुकड्याला लावलेले अर्धा चमचा तूप वीसच्या पुढे जाते. चीजच्या वीस ग्रॅमच्या तुकड्यात साठ किलोकॅलरींहून अधिक भरतात. याउलट मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसाचे दहा ग्रॅम, म्हणजे बोटाच्या पेराएवढे दोन-तीन तुकडे, नेमके सोळा किलोकॅलरींच्या आसपास येतात, आणि धाग्यासारखे सोलून दिले तर त्यांचे पंधरा-वीस घास होतात. एका उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग सतरा किलोकॅलरींचा असतो, तर पिवळा त्याच्या तिप्पट. कच्चे पांढरे मात्र देऊ नये, कारण त्यातले ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. उकडलेली कोळंबी पाच ग्रॅमला पाच किलोकॅलरी इतकी हलकी असते.

कोकण आणि गोव्यातल्या मत्स्याहारी घरांत मांजराचा खाऊ म्हणजे मासाच, आणि ही परंपरा मुळात वाईट नाही, कारण प्रथिने भरपूर आणि पिष्ट नाही अशा अन्नाची मांजराच्या शरीराला ओढच असते. अडचण तपशिलात आहे. वाळवलेला जवळा एक ग्रॅमला जेमतेम तीन किलोकॅलरी देतो, त्याचा वास मांजराला वेड लावतो आणि चिमूटभर पुरतो. परंतु तो समुद्राच्या पाण्याचे मीठ आणि पुष्कळदा रेतीही घेऊन येतो, म्हणून धुऊन, पाण्यात भिजवून, पिळून मगच द्यावा. मीठ लावून वाळवलेला खारा बांगडा मांजराला अजिबात योग्य नाही. ताटातल्या रश्श्यातून काढलेला तुकडा तर त्याहून धोक्याचा, कारण वाटणातल्या कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगे मांजराच्या रक्तातील हिमोग्लोबिनवर आघात करतात आणि तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. मांजराचे हिमोग्लोबिन या आघाताला इतर प्राण्यांच्या मानाने अधिक बळी पडते. शिजवल्याने कांद्याचा हा दोष जात नाही. काही कच्च्या माशांत थायमिनेज हे विकर असते, जे बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि ते मात्र शिजवल्याने निकामी होते. कोंबडीचे किंवा बकऱ्याचे काळीज मांजरे आवडीने खातात, पण ते रोजचे झाले की अ जीवनसत्त्व शरीरात साठून मानेच्या मणक्यांवर हाडाची वाढ होऊ शकते. आठवड्यातून एकदा, करंगळीच्या नखाएवढे काळीज देण्यास हरकत नाही.

पाकिटातल्या खाऊची निवड अधिक किचकट होते, आणि ती किचकट होण्यास पाकीटच जबाबदार असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक पाकिटांवर कच्ची प्रथिने, कच्ची चरबी, तंतू आणि आर्द्रता यांची टक्केवारी छापलेली असते; किलोकॅलरीचा आकडा मात्र पुष्कळदा नसतो. तो अदमासाने काढता येतो. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांच्या प्रत्येक ग्रॅमला साडेतीन आणि चरबीच्या ग्रॅमला साडेआठ किलोकॅलरी धरायच्या, ही प्राण्यांच्या खाद्यासाठी वापरली जाणारी सुधारित ॲटवॉटर पद्धत. नमुना म्हणून प्रथिने ३० टक्के, चरबी १७, तंतू ४, आर्द्रता १० आणि राख, म्हणजे खनिजांचा अंश, ९ टक्के असलेली कुरकुरीत गोळी घेतली, तर शंभरातून ही बेरीज वजा जाता पिष्ट ३० टक्के उरते आणि शंभर ग्रॅमची ऊर्जा सुमारे ३५५ किलोकॅलरी भरते. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी मग पावणेदोन किलोकॅलरींची झाली. सोळा किलोकॅलरींत अशा नऊच गोळ्या बसतात, आणि पाकीट हलवून तळहातावर ओतल्यावर नऊपेक्षा कितीतरी जास्त पडतात. पाकिटावर प्रथिने आणि चरबी यांचे किमान प्रमाण छापलेले असते, प्रत्यक्षातले नव्हे, म्हणून चरबीचा खरा आकडा छापील आकड्याच्या वर असू शकतो हेही धरून चालावे.

चाटून खायच्या लगद्याचा हिशेब उलटा लागतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असल्याने चौदा ग्रॅमची एक नळी सहसा चार ते आठ किलोकॅलरींत संपते. पाकिटावरचा सात टक्के प्रथिनांचा आकडा पाहून हा खाऊ निकृष्ट वाटतो, परंतु पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागाच्या तुलनेत पाहिले तर तेच प्रमाण सत्तर टक्के होते, तर वरच्या कुरकुरीत गोळीत ते तेहतीसच्या पुढे जात नाही. दोन खाऊंची तुलना या कोरड्या भागाच्या आधारेच करावी. शिवाय नळी हातात धरून चाटवली की दोन-तीन मिनिटे जातात. गोळी दोन सेकंदांत गिळली जाते. वजन उतरवणाऱ्या मांजरासाठी बाजारातल्या खाऊंपैकी हा प्रकार सर्वांत सोयीचा म्हणावा लागतो, फक्त दिवसाला एका नळीवर थांबण्याचा निग्रह लागतो. गोठवून वाळवलेले मांस प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम असले, तरी पाणी काढून टाकल्याने त्याचा लहानसा तुकडाही ऊर्जेच्या हिशेबात दिसतो त्यापेक्षा जड असतो, आणि किंमत तर त्याहून जड.

धान्यविरहित, नैसर्गिक, लाइट असे शब्द पाकिटावर ठळक असतात. धान्यविरहित खाऊत धान्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा असू शकतो आणि पिष्ट तेवढेच राहते. पिष्टमय पदार्थांवरून मांजरांच्या आहारात मोठा वाद आहे. मांजर हे काटेकोर मांसाहारी आहे, त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर नसते, गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचा एक भाग घडवणारे जनुकच त्याच्यात निकामी झालेले आहे हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले, आणि स्वतः निवड करायला मिळाली तर प्रौढ मांजर आपल्या ऊर्जेचा सुमारे ५२ टक्के हिस्सा प्रथिनांतून घेते असे २०११ च्या एका अभ्यासात आढळले. यावरून पिष्ट हेच लठ्ठपणाचे मूळ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा आहे. लठ्ठपणा शेवटी एकूण ऊर्जेच्या जमाखर्चाने ठरतो, आणि ग्रॅमामागे सर्वाधिक ऊर्जा चरबीच देते. पिष्ट कमी असलेला खाऊ निवडण्याचे खरे कारण हे की, त्या जागी प्रथिने आली तर वजन उतरताना स्नायू टिकून राहतात. मधुमेही मांजराच्या बाबतीत मात्र पिष्टाचा प्रश्न स्वतंत्रपणे महत्त्वाचा ठरतो, आणि लठ्ठ मांजरांना मधुमेह होण्याची शक्यता सडपातळ मांजरांच्या सुमारे चौपट असल्याने हे दोन प्रश्न पुष्कळदा एकाच घरात भेटतात.

इतके सगळे आकडे जुळवूनही वजन हलत नाही, असे अनेक घरांत घडते, आणि त्याचे कारण मांजरात नसून माणसांत सापडते. सकाळी आजी साय घालते, दुपारी मुले शाळेतून आल्यावर बिस्किट देतात, संध्याकाळी कोणीतरी गोळ्यांचे पाकीट वाजवते, आणि प्रत्येकाच्या मते आपण दिले ते अगदी थोडे असते. दिवसाला फक्त दहा किलोकॅलरी जास्त गेल्या, तरी कागदावरच्या हिशेबाने वर्षाअखेर जवळपास अर्धा किलो चरबी साठू शकते, आणि चार किलोच्या मांजरासाठी ती वाढ बारा टक्क्यांची. यावर सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय अगदी साधा आहे: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सकाळीच दिवसाचा खाऊ मोजून एका डबीत ठेवायचा आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच डबीतून द्यायचा; डबी रिकामी झाली की दिवसाचा खाऊ संपला. या डबीत रोजच्या जेवणातलेच मोजलेले दाणे भरले तर उत्तमच, कारण हातातून मिळालेला दाणा मांजराला वाडग्यातल्या दाण्यापेक्षा निराळा वाटतो आणि हिशेबात एकही किलोकॅलरी वाढत नाही. शेजारी किंवा कोळणीकडे फेरी मारून येणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही डबी अपुरी पडते; तेथे गळपट्ट्यावर खायला देऊ नये अशी चिठ्ठी अडकवण्याशिवाय फारसा इलाज नाही.

मांजर मागते म्हणून द्यावे लागते, हे समर्थन सर्रास ऐकू येते, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की, अन्न मागताना काही मांजरे आपल्या घुरघुरीत रडण्यासारखा उंच स्वर मिसळतात आणि मांजर न पाळणाऱ्या माणसांनाही तो आवाज अधिक निकडीचा वाटतो. पण मांजराची प्रत्येक लगट भुकेची असते असे नाही. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात अन्न, खेळणे, वास आणि माणसाचा सहवास यांतून निवड करायला दिल्यावर निम्म्या मांजरांनी सहवास निवडला. अन्न निवडणारी त्याहून कमी होती. पायांत घोटाळणाऱ्या मांजराला पाच मिनिटे ब्रश करणे किंवा दोरीला बांधलेल्या पिसामागे पळवणे हाही खाऊच आहे, आणि त्याची ऊर्जा शून्य आहे.

दाणे लपवून ठेवायच्या खेळण्यांबद्दल, म्हणजे ढकलल्यावर किंवा पंजाने उकरल्यावर एकेक दाणा बाहेर टाकणाऱ्या चेंडूंबद्दल आणि तबकांबद्दल, सध्या बराच उत्साह आहे. ती खाण्याचा वेग कमी करतात आणि कंटाळलेल्या मांजराला काम देतात, हे खरे. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील २०२१ च्या अभ्यासात समोर उघडी थाळी आणि असे कोड्याचे खेळणे दोन्ही ठेवले असता बहुतेक मांजरांनी उघड्या थाळीलाच पसंती दिली. त्यामुळे कोडे उपयोगी पडते ते थाळी उचलून ठेवल्यावरच. पुठ्ठ्याच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून केलेले कोडे विकतच्या खेळण्याइतकेच चालते.

वजन उतरण्याचा वेग आठवड्याला अर्धा ते दोन टक्के असावा, असे अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ५.२ किलोचे मांजर दर आठवड्याला एक टक्का उतरले, तर पहिल्या आठवड्यात ही घट बावन्न ग्रॅमची असते आणि चार किलोवर यायला सुमारे सहा महिने लागतात. घाई येथे जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाणे सोडले की शरीरातली चरबी झपाट्याने यकृताकडे धावते, यकृताला ती हाताळता येत नाही आणि त्याच्या पेशींतच ती साचून यकृत निकामी होऊ लागते; म्हणून नवे पथ्याचे खाद्य मांजराने नाकारले, तर भूक लागली की खाईल असे म्हणून वाट पाहत बसू नये, दुसऱ्याच दिवशी पशुवैद्याला गाठावे. नव्या खाद्याकडे वळवताना खाऊचा चुरा किंवा लगद्याचा थेंब वर घालणे हा त्याचा सर्वांत योग्य वापर ठरतो. मूत्रपिंडाचा विकार, मूत्रमार्गातले खडे किंवा अन्नाची ॲलर्जी असलेल्या मांजराला विशेष पथ्याचे खाद्य चालू असेल, तर वरून दिलेला साधा खाऊही त्या पथ्यावर पाणी फिरवतो; तेथे काय द्यायचे हे पशुवैद्यानेच ठरवावे. औषधाची गोळी खाऊ घालण्यासाठी वापरलेला लगदाही डबीच्या हिशेबातच धरावा.

वजन दर पंधरा दिवसांनी, शक्यतो एकाच वेळी आणि बाळांच्या काट्यावर करणे चांगले, कारण माणसाला मांजरासह तोलून वजाबाकी करण्यात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते आणि नेमकी तेवढीच घट शोधायची असते. लक्ष्य गाठल्यानंतर अन्न एकदम पूर्ववत करू नये; दिवसाची ऊर्जा दहा-दहा टक्क्यांनी वाढवत, प्रत्येक टप्प्यावर पंधरा दिवस वजन स्थिर राहते का ते पाहत जावे, आणि चार किलोच्या मांजराची गाडी दोनशे किलोकॅलरींवर येऊन थांबली की खाऊच्या डबीत सोळाऐवजी वीस किलोकॅलरी घालण्यास हरकत नसते.